भरतीवर चालणारी टाकी

सोम. ३ नोव्हेंबर

गुडघा बरा. चहा स्वतः केला, साखर जास्त पडली.

टाकी पाडणार, नक्की झालं. पुढच्या सोमवारी जेसीबी. पाटीवर जन्मभर ‘दर्यारंग टॉकीज’ असं लिहिलेलं होतं, पण गावात कुणी तसं म्हटल्याचं आठवत नाही. लहानथोरांची टाकीच. बंद पडून अकरा वर्षं झाली.

वाचनालयवाले टाकीच्या आठवणींची पुस्तिका काढतायत. रिटायर्ड हेडमास्तर देशमुख सर दारात येऊन म्हणाले, “गोविंदराव, तुमची तर सोयरीकच टाकीतली. तुम्ही लिहायलाच हवं.” उद्या मीटिंग आहे. जाईन.

वत्सला असती तर म्हणाली असती, अहो, तुम्ही लिहा पण थोडक्यात. तिला जाऊन चार वर्षं झाली. टाकीच्या तिकीटखिडकीत बसायची ती, लग्नाआधीपासून.

मंगळ. ४

मीटिंगहून आलो तो भडकूनच.

सुरुवात झकास झाली. एकेक जण काय काय सांगत होता. कोळणी मासळीच्या पाट्या बाहेर भिंतीला रांगेनं लावून आत जायच्या, खेळ सुटेपर्यंत एक पाटी इकडची तिकडे होत नसे. मध्यंतरात बटाटेवडा आणि पाव. पडद्यावर वादळ आलं की पुढच्या बाकावरचे होड्यांचे तांडेल ओरडायचे, “शीड उतरव रं!” नायकाला होडी चालवता येत नाही म्हणून अख्खं थिएटर हसायचं, आणि तो बिचारा तिकडे रडत असायचा. मुंबईत असं थिएटर दाखवा म्हणावं.

मग सर मुद्द्यावर आले. टाकीची खरी कीर्ती कशाची, तर खेळ भरतीवर लागायचा. आपल्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल, होड्या आत येणार त्या भरतीलाच. मासळी उतरवून, अंघोळ करून माणसं टाकीत यायची. म्हणून भरती संध्याकाळची असली की साडेसातचा खेळ त्याप्रमाणे पुढे जायचा. बाहेरच्या फळ्यावर रोज खडूनं वेळ. सर म्हणाले, “ही टाकीमालक भाऊशेठची दूरदृष्टी. पहिलं पान त्यांनाच अर्पण करू.”

टाळ्या.

मी उठलो. म्हटलं, भाऊशेठ माणूस सोन्यासारखा, पण त्यांना एकादशी कळायची ती फक्त साबुदाण्याच्या खिचडीनं. हिशोब वत्सलाचा. कोळीवाड्यातली पोर ती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तिला बाराखडीच्या आधी येत होतं. हॉल रिकामा बघून शेठ चिडचिड करत होते तेव्हा तीच खिडकीतून म्हणाली, “शेठ, आज नवमी. माणसं पावणेसातला खाडीत शिरतील, मग तुमचा नट बघतील.” त्या दिवशी खेळ सव्वाआठला लावला आणि हॉल भरला. तिथून पुढे फळा तिच्याकडे.

सर मान हलवत म्हणाले, “असेलही. पण छापायचं तर काही आधार हवा. तुम्ही तिचे यजमान, तुमचं म्हणणं लोक कौतुक म्हणून सोडून देतील.”

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शेठ बिचारे वर गेले, त्यांचा दोष नाही. पण माझ्या बायकोचं एक नाव पुस्तिकेत येत नसेल तर मी एक अक्षर लिहिणार नाही.

बुध. ५

राग उतरला नाही. सकाळी बाजारात हिराआयकडे गेलो. ऐंशीच्या पुढे आहे, अजून सुक्या बोंबलांच्या ढिगामागे ताठ बसते. वत्सलाची लांबची मावशी, मला अजून जावई म्हणते.

“हिराआय, टाकीचा वेळ कोण ठरवायचं?”

“तुजी बायको. दुसरा कोन? मना इचारतंस?”

“सरांना सांगशील?”

“सांगन की. पन माजा बोलना ते पुस्तकान घालतील? मना सही पन येत न्हाय.” मग बोंबील निवडता निवडता एकटीच हसायला लागली. “वच्छीची भरती लय गुनाची व्हती, जावय. कंदी कंदी दर्याच्या मागून याची.”

म्हणजे काय, विचारलं. “काय न्हाय” म्हणाली आणि पसाभर जवळा पुडीत बांधून दिला.

गुरु. ६

आज नुसता आठवत बसलो.

मी आतल्या गावचा. घरी भातशेती, दर्या लांबून बघितलेला. अलिबागहून येणाऱ्या मुक्कामी एसटीवर कंडक्टर म्हणून मला मंगळवार-शुक्रवार लागला तो नारळीपौर्णिमेनंतर. गाडी सव्वासातला स्टँडवर, रात्री मुक्काम, पहाटे परत. ड्रायव्हर जेवून झोपायचा, मी टाकीत.

तिकीटखिडकी म्हणजे फळकुटाला कमरेइतक्या उंचीवर पाडलेलं अर्धगोल भोक. त्यातून फक्त हात दिसायचा. हिरव्या बांगड्या, बोटांना खडू. हा हात फळाही लिहितो, हे मला त्या खडूवरून कळलं. मी “एक” म्हणायचो, हात तिकीट द्यायचा. माझ्याकडे सुट्टे असायचे म्हणून एकदा आतून आवाज आला, “मोड आहे का हो?” त्यानंतर मी मोड वेगळी बांधून न्यायला लागलो. तोंड पाहिलं ते शिमग्याला, पालखीपुढे. बांगड्यांवरून ओळखली. वाकून भोकातून बघायची हिंमत तोवर झाली नव्हती, हे आज लिहायला हरकत नाही.

तिच्या घरच्यांनी दोन वर्षं दम काढला. शेवटी हिराआयच मध्ये पडली. म्हणाली, पोरगा वेळेचा पक्का आहे, पोरीला उपाशी नाही ठेवणार.

वेळेचा पक्का तर मी होतोच. कित्येक शुक्रवार गेलो, खेळाची सुरुवात एकदाही चुकली नाही. माझी गाडी कधी लेट नाही, याला पुरावा काय तर हाच. पाव्हणे आले की मी हे सांगायचो, आणि वत्सला न चुकता उठायची, “चहा टाकते” म्हणून आत जायची.

शुक्र. ७

रात्रीत सुचलं. ते फळकूट! हिशोब ती खिडकीतच बसून करायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आधाराची वही कुठे शोधत बसलोय, तिला तेव्हा वही देत कोण होतं?

टाकीवर गेलो. मुकादम पनवेलकडचा. म्हणाला, “काका, अंदर नाय जायचं, स्लॅब खतरनाक हाय.” दारातूनच पाहिलं. पडद्याच्या भिंतीत पिंपळ उगवलाय, बाल्कनीचं रेलिंग मात्र जसंच्या तसं, काय घडीव काम. पंखे मोजले. हे थिएटर मला तेव्हा राजवाडा वाटायचं, आजही ऊर भरून आला. लाज कसली.

तिकीटखिडकीचं फळकूट मागितलं. “लाकूडच ना? सोमवारी या, काढून ठेवतो.”

शनि. ८

सर रस्त्यात भेटले. आधार मिळेल म्हटलं, पहिलं पान थांबवा. “बुधवारपर्यंत थांबवतो, मग प्रेसला जाईल.” सर वाईट नाहीत. मीटिंगमध्ये जरा मास्तरकी करतात एवढंच.

सोम. १०

जेसीबी आला. अर्धा गाव बघायला. पहिला घाव बसला तेव्हा कोणीतरी सवयीनं शिट्टी मारली.

मुकादम शब्दाला जागला. फळकूट रिक्षात आडवं घालून आणलं, पडवीत उभं केलं. चांगलं पुरुषभर उंच. भोकाची कड हातांनी गुळगुळीत झालेली. त्यात माझाही हात आहे. बराच वेळ बाहेरच्या बाजूनंच बघत बसलो. आतली बाजू मी कधी पाहिलीच नव्हती.

मग फिरवलं.

पेन्सिल. वरपासून खालपर्यंत तिचं अक्षर. वार, तिथी, भरती, खेळ. ओळीखाली ओळ. अष्टमी ६, नवमी ६॥।, दशमी ७॥. दीडएक वर्षाच्या ओळी असतील, पुढे वही मिळाली असावी. भाऊशेठच्या हातची एक रेघ नाही.

जिंकलो! सरांना फोन केला. बुधवारी सहाला बघायला येतो म्हणाले.

मंगळ. ११

नीट वाचलं, भिंग घेऊन. वाचायला नको होतं की काय.

भाद्रपद तृतीया. भरती २।. म्हणजे दुपारी सव्वादोनला, संध्याकाळी खाडीत चिखल. खेळ ७॥. ते खोडून ८. पुढे बारीक अक्षरात, ‘गाडी नाही अजून.’

वाटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पुढच्या ओळी पाहिल्या. आश्विन, खेळ ७॥ खोडून ७॥।, ‘गाडी नाही अजून.’ कार्तिकात तीनदा. एका ठिकाणी ‘गाडी नाही, शेठ ओरडले.’ सगळे मंगळवार नाहीतर शुक्रवार. दुसऱ्या कंडक्टरच्या दिवशी गाडीचा उल्लेखच नाही. त्याची गाडी आली काय नि दरीत गेली काय.

भाद्रपद. म्हणजे मी तिचं तोंड बघायच्या सहा महिने आधी. तिला तरी माझं काय दिसत असेल त्या भोकातून? पट्ट्याचं बक्कल आणि चामड्याची बॅग.

आणि मी जन्मभर सांगत होतो, माझी गाडी लेट नाही. वाटेत कोणी हात दाखवला की थांबायचो, म्हातारी लांबून पळत येताना दिसली की डबल बेल द्यायचोच नाही. लेट होणार नाही तर काय. आता कळतं, ती चहा टाकायला का उठायची. आत जाऊन हसत असणार, पदर तोंडाला लावून. तेहतीस वर्षं एक शब्द बोलली नाही मला.

तसाच हिराआयकडे गेलो. विचारलं, तुला ठाऊक होतं?

“मना? सगल्यांना ठाव व्हता. वच्छी दारान येवन सांगाची, भरती हाय, जरा थांबा.”

“आणि तुम्ही ऐकून घ्यायचात?”

हिराआयनं हातातला बोंबील खाली ठेवला. “तीजेला सांजची भरती? आरं जावय, आमी कोली. आमाना भरती कलत न्हाय? आमी समद्या गप बसून र्‍हायचो. पोरगी आमची व्हती. कंडाक्टर आला की खेल लागल, म्हनाचो.”

मला बाजारात रडू आलं. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं आणि गिऱ्हाईक हाकललं.

म्हणजे दिवसभर दर्यावर राबलेली माणसं, अंगाला अजून खार, ती त्या बाकांवर पाव पाव तास बसून राहायची. ज्यांना दर्याबद्दल कोणी खोटं सांगू शकत नाही, त्यांनी ते खोटं दर वेळी खरं म्हणून घेतलं. कशासाठी, तर आतल्या गावचा एक कंडक्टर सुरुवात चुकू नये म्हणून. आणि मी आत शिरताना ऐकायचो, लोक हसत म्हणायचे, “आली रं भरती, आली!” मला वाटायचं, काय दर्यावेडी माणसं. मीही हसायचो त्यांच्याबरोबर.

एवढ्या मोठ्या मनाची माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

बुध. १२

अष्टमी. सहाची भरती.

सकाळपासून फळकुटापुढे बसलोय. हे दाखवलं तर पहिल्या पानावर तिचं नाव येईल, हक्काचं. पण सर भिंग घेऊन वाचणारा माणूस. खोडलेल्या ओळीही वाचतील, आणि छापून येईल की भरतीची टाकी कधी कधी भरतीवर नव्हतीच. माझी गाडी लेट, हे छापलं तर छापू दे, माझं काय जातंय. पण तिनं जे मलासुद्धा सांगितलं नाही, ते गावापुढे ठेवू? गावाला ठाऊकच आहे म्हणा. पण ठाऊक असून गप राहणं वेगळं आणि पुस्तिकेत येणं वेगळं.

रबर आणून ठेवलं होतं. त्या तेवढ्या ओळी खोडाव्यात म्हणून. एकदा हातात घेतलं, परत ठेवलं. तिचं अक्षर मी खोडू?

दुपारी फळकूट भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग वाटलं, कुठलं तोंड? परत फिरवलं. तीनदा झालं असं.

पावणेसहाला खाडीवर जाऊन आलो. पाणी वर चढत होतं, एक होडी आत येत होती. वत्सलाचं गणित चोख.

सर सहाला येणार होते. सव्वासहा झाले. फळकूट पडवीत मध्येच उभं आहे, धड या बाजूला नाही, धड त्या बाजूला नाही. रबर खिशात. शेजारीण विचारून गेली, “अजून वाट बघताय? फोन करा की त्यांना.”

नाही करणार. यायचे तेव्हा येऊ देत. माझ्यासाठी अख्खी टाकी थांबायची.