शटर काउंट २११४

१२ जून, संध्याकाळ
...तिसऱ्यांदा लेन्स काढून दाखवायला सांगितली तेव्हा दुकानदाराने घड्याळाकडे पाहिलं. गिऱ्हाईक जाणकार असलं की हे लोक अस्वस्थ होतात. समोर दोन डीएसएलआर, दोन्ही एंट्री लेव्हल. एकाची पकड चांगली, दुसऱ्याचे रंग. दुकानदार म्हणाला, साहेब, कुठलाही घ्या, फोटो येतात. असं बोलणाऱ्याकडून वस्तू घेऊ नये. घेतली नाही.

घरी बाबांनी विचारलं, आणलास का? म्हटलं, अभ्यास चालू आहे. म्हणाले, शाळेतही चालूच होता.

१५ जून
कारण लिहून ठेवतो. बाबांचे पुढचे सहा दात उरलेत. वीस ऑगस्टला तेही काढायचे. त्याआधी त्यांना एक फोटो हवाय. हसताना, स्वतःच्या दातांनी. भिंतीवर लावायला.

भिंतीवर आईचा आहे. ती गेली तेव्हा घाई होती, म्हणून मी तो कुठल्याशा ग्रुप फोटोतून कापून मोठा करून आणला. आईच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला. बाबा म्हणाले, सात वर्षं रोज बघतोय, हात कुणाचा ते कळत नाही. माझ्या वेळी असलं करू नका.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जातो म्हणत होते. मी थांबवलं. गाड्यांच्या विम्याच्या ऑफिसात नऊ वर्षं चेपलेल्या बंपरांचे फोटो तपासतोय. नजर तयार आहे. बाकी फक्त कॅमेरा. फोटो मीच काढणार, असा शब्द दिला.

२२ जून
एक्सेल शीट पूर्ण. चोवीस कॉलम. बजेट बायकोने ठरवलंय, त्यामुळे त्याला कॉलम नाही. शीट तिला दाखवली. म्हणाली, अहो, ह्यात बाबा कुठे आहेत?

विषयाला सोडून बोलते.

३० जून
ऑफिसातल्या मेगापिक्सेलशी चर्चा. (खरं नाव वेगळं. स्वतःच्या लग्नातही कॅमेरा गळ्यात घालून उभा होता.) म्हणाला, नवा घेऊ नकोस. वापरलेला घे, पण शटर काउंट बघ. शटर किती वेळा उघडलं तो आकडा कॅमेऱ्याच्या पोटात राहतो, गाडीच्या किलोमीटरसारखा. आकडा कमी तर विकताना किंमत जास्त.

चोवीस कॉलममध्ये हा नव्हता. शीट रद्द.

५ जुलै
घेतला! एका निवृत्त बँकवाल्याचा. एका सहलीपुरता वापरलेला. काउंट २११४. मेगापिक्सेलने कॉम्प्युटरवर खात्री करून दिली.

धोरण : दोन वर्षांनी विकून वरचं मॉडेल घ्यायचं. तोवर काउंट बावीसशेच्या वर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे शहाऐंशी फोटो. महिन्याला साडेतीन. शिस्त लागेल.

बायकोने विचारलं, अर्धा फोटो कसा काढतात?

९ जुलै
बाबांच्या फोटोसाठी आईच्या फोटोशेजारी खिळा ठोकला. आधी जागा मोजली, लेव्हल लावली, प्लग बसवला. बाबांनी ओढून पाहिला. म्हणाले, घट्ट आहे. हात माझ्यावर गेलाय तुझा. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली.

१६ जुलै, रविवार
पहिली बैठक. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सात वाजल्यापासून बाल्कनीत खुर्चीवर. मी चाळीस मिनिटं डोळा लावून होतो. प्रकाश डाव्या गालावर यायचा तेव्हा बाबा हसत नव्हते, हसायचे तेव्हा ढग. अशा फ्रेमवर क्लिक खर्च करणं गुन्हा आहे. बाबा म्हणाले, दाबतोस की मी उठू? उठलेच.

काउंट २११४.

२३ जुलै, रविवार
दुसरी बैठक. आज सगळं जुळलं होतं. बायको चहा घेऊन आली, म्हणाली, काढा आता, बाबांचे पाय सुजलेत. मी दचकलो आणि बोट दाबलं गेलं. बाबांचा गुडघा आला. डिलीट केला, पण काउंट मागे जात नाही.

२११५. दिवस खराब.

२४ जुलै
कॅमेरा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला. तीन प्लास्टिक पिशव्या, वर टेप, मग कपाटात, स्वेटरांखाली. हवा लागायला नको. बाबा बघत होते. म्हणाले, बंद ठेवलेल्या घड्याळात तेल गोठतं. मी समजावलं, ह्यात तेल नसतं.

२ ऑगस्ट
बाबांनी पुन्हा विचारलं नाही. धीर आला म्हणायचा.

१० ऑगस्ट
मेगापिक्सेलने गिऱ्हाईक शोधलंय. आकडा ऐकूनच हरखलं. आत्ता विकला तर थोडी भर घालून वरचं मॉडेल येतं. मग बाबांचा फोटो थेट वरच्या मॉडेलवर! गिऱ्हाईक एकोणीसला येणार. दात वीसला. मध्ये एक पूर्ण संध्याकाळ आहे.

१९ ऑगस्ट, सकाळ
टेप काढली. बॅटरी मेलेली. ते चालतं. लेन्स मात्र धुरकट. पुसली, तरी धुरकट. बाबांनी आपलं जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ आत पाहिलं. म्हणाले, बुरशी आहे. आत जाळं धरलंय, बारीक. सुंदर आहे पण.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
गिऱ्हाईक पाणीही न पिता गेलं.

हरकत नाही. बाबांना सांगितलं, दवाखान्याची वेळ अकराची आहे. उद्या सात दहाला उजेड तिरपा येतो. लेन्सच्या मधल्या भागात बुरशी कमी आहे. बसा, मी काढतो.

बाबा म्हणाले, नको. झाला काढून.

कधी? तर गुडघ्याच्या दुसऱ्या दिवशी. मी ऑफिसात होतो. सूनबाई घेऊन गेली होती. स्टुडिओवाला फ्रेम करतोय, उद्या मिळेल.

बायकोला विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुमचा अभ्यास चालू होता ना.

२० ऑगस्ट
दात गेले. तोंडात कापूस, त्यामुळे बाबा खुणा करत होते. परतताना खुणेनेच रिक्षा स्टुडिओपाशी थांबवली.

स्टुडिओवाल्याच्या गळ्यात कॅमेरा. नीट पाहिलं. माझंच मॉडेल. अक्षरं झिजलेली, पट्टा दोरीने बांधलेला, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. काउंट विचारला. म्हणाला, कसला? शटर किती वेळा उघडलं तो. म्हणाला, मोजायला वेळ कुठे, माणसं बाहेर थांबलेली असतात.

फोटोत बाबा हसताहेत. डोळे मिटेपर्यंत. सहाही दात दिसतात. खांद्यावर कुणाचा हात नाही. प्रकाश थोडा सपाट आहे, ते मी त्याला सांगितलं.

इतके कशाला हसले, हेही विचारलं. कारण बाल्कनीत माझ्यासमोर असे एकदाही हसले नव्हते. तो म्हणाला, हसा म्हटलं तर आजोबा हसेचनात. मग मी सहज विचारलं, घरी कुणाकडे कॅमेरा नाही का? तर त्यांनी मुलाची नक्कल करून दाखवली. एक डोळा मिटून, श्वास रोखून, बोट हवेत. तशीच कितीतरी वेळ. आधी तुमच्या घरातल्या बाई हसल्या, मग आजोबा सुटले. तेवढ्यात मी दाबलं.

मग त्याने विचारलं, तो मुलगा म्हणजे तुमचे भाऊ का?

हो म्हटलं.

बाबा कापसाआडून काहीतरी म्हणाले. कळलं नाही.

२१ ऑगस्ट, सकाळ
साडेसातला बाबांनी फोटो माझ्या खिळ्याला टांगला. सरळ बसला.