बोरमाळ सरकते आहे

१६ मार्च, सोमवार
आधी दुरुस्ती. परवा लिहिलं की आईची बोरमाळ चोरीला गेली. चूक. ती सापडत नाही, एवढंच. शाळेआधी आबांनी घरीच लिहायला शिकवलं, तेव्हाच बजावलं होतं: न पाहिलेलं पाहिल्यासारखं लिहायचं नाही.
बोधगयेला निघताना आईने बोरमाळ पितळी डबीत घालून आखाड्याजवळच्या, म्हणजे शेतातल्या घराजवळच्या रानात पुरली. घरी बबितावहिनी एकटी राहणार होती, म्हणून. परतलो तोवर रान नांगरून झालेलं. आई म्हणते, पुरताना बबिता भांडी घासायली होती, तिनं बघितलं असंल.
वहिनीचा भाऊ धम्मानंद शनिवारी तिला न्यायला येणार. त्याआधी डबी काढायचीच. भाड्याचं मेटल डिटेक्टर उद्या येतंय.

१७ मार्च, मंगळवार
डिस्क मोडमध्ये मशीन गप्प. व्हिडिओत सांगितलंय, हा मोड लोखंडाबरोबर खोलवरचे बारीक आवाजही गाळतो. ऑल मेटल लावला. हेडफोनमध्ये सतत गुणगुण. खाली धातू असला की ती चढते. चढली. आबांनी कुदळीने खणलं. हरभऱ्याची मुळं. म्हणजे डबी आणखी खोल आहे.

१८ मार्च, बुधवार
कालचा आवाज आज दुसरीकडे. शेजारचे किशनराव म्हणाले, धन सरकत असतंय पोरी, नारळ फोड. आमच्या घरात असलं मानत नाहीत, असं नम्रपणे सांगितलं. मला वाटतं, काळ्या मातीत ओल सरकते, तसा आवाज सरकत असावा. हे शास्त्रीय आहे.
संध्याकाळी आईने वहिनीकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. माझ्या कानात हेडफोन होता, त्यामुळे काही बोलता आलं नाही.

१९ मार्च, गुरुवार
कान तयार झालाय. आवाज नेहमी उजवीकडे चढतो. आबाही उजवीकडेच उभे असतात, त्यामुळे लगेच खणता येतं. सोय आहे. रानात खड्डेच खड्डे. दादा म्हणाला, झाडं तरी लावा त्यात.

२० मार्च, शुक्रवार
वहिनी रानात चहा घेऊन आली. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ताई, आबांना कुदळ घेऊन जरा लांब जाऊ द्या.
आबा बांधापर्यंत गेले. गुणगुण सपाट. परत आले. चढली.
चार दिवस मी कुदळ शोधत होते. आबा ती खाली ठेवून तिच्याकडे बघत बसले.
आई म्हणाली, म्हंजे रानात कायच न्हाई. आणि वहिनीकडे बघितलं. वहिनीने कप गोळा केले आणि बॅग भरायला गेली.
तिने माळ घेतली असती तर माझी चूक कशाला दाखवली असती? हे माझ्या मनात लगेच आलं. पण पुराव्याशिवाय बोलणं बरोबर नाही. उद्या कुदळ घरी ठेवून सगळं रान पट्टे पाडून पुन्हा तपासणार. वहिनी दुपारच्या बसने जाईल, तेव्हा मी रानातच असेन. तिला हात करता येईल.
मग रविवारी, २२ मार्चला, सकाळच्या चहाला, सगळ्यांसमोर आईला स्पष्ट सांगणार, की वहिनीने बोरमाळ घेतलेली नाही.