चौघांचं अपार्टमेंट

२४ नोव्हेंबर
आले एकदाची! लिओंहून आगगाडी, मग बसने घाटाची बत्तीस वळणं, तरी पोटातलं सगळं जागेवर. स्कीचा हंगाम सुरू व्हायचाय, अजून बर्फ नाही, दुकानांना कुलपं, आणि दोनशे अपार्टमेंटच्या इमारतीत मुक्कामाला मी एकटी. केअरटेकर गास्पार समोरच्या घरात राहतो. सत्तरीचा, तोंडाने फटकळ, पण माझी बॅग त्यानेच आत आणली.

काम माझ्या हातचा मळ. नाताळात पाहुणे यायच्या आत प्रत्येक अपार्टमेंट तपासायचं. ताटल्या, उशा, पांघरुणं मोजायची, दारामागच्या यादीशी ताडून पाहायची, जुळलं की खाली सही. दुपारी बुकिंगचे फोन. हॉटेल घेऊ की अपार्टमेंट, हा लोकांचा कायमचा प्रश्न. मी सांगते, सासूबाई सोबत असतील तर हॉटेलच घ्या, निदान दार तरी वेगळं असतं.

२७ नोव्हेंबर
सोलेनचा फोन आला. पाच वर्षांनी लेकीचा आवाज ऐकला. तिची निनॉन झाली तेव्हा मी येते म्हणाले आणि गेलेच नाही. कामाची सबब सांगितली. तेव्हापासून तिने बोलणं टाकलं होतं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. आता नाताळच्या आठवड्यात ती, नवरा आणि दोन्ही मुलं इथे येताहेत. हॉटेलात मुलांना कोंडल्यासारखं होतं म्हणे, तेव्हा चौघांसाठी चांगलंसं अपार्टमेंट तू निवड, म्हणाली. फोन ठेवला आणि पोटभर रडले. खोटं कशाला लिहू?

२९ नोव्हेंबर
निवडलं. सातवा मजला, ७१४. दिवसभर ऊन, गॅलरीतून स्कीची उतरण दिसते. इमारतीचं हीटिंग अजून बंद आहे, पण इथे मात्र चक्क ऊब. उन्हामुळेच असेल.

यादी मात्र जुळेना. कागदावर माणसं चार, ताटल्या पाच. उशा पाच. दाराजवळच्या बिनखिडकीच्या खोबणीत एकावर एक दोन पलंग हवेत, तर तिथे तीन. तिसरा अगदी छताला लागून. जास्तीची ताटली आणि उशी गास्पारकडे देऊन आले.

१ डिसेंबर
पुन्हा पाच. वरच्या पलंगावरचं पांघरूण हाताला गरम लागलं, आताच कुणीतरी उठून गेल्यासारखं.

गास्पारला विचारलं. एरवी टोमणे मारणाऱ्या माणसाने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, “जास्तीचं रोज उचलायचं, बाई. कागदाला हात लावायचा नाही.” गेल्या वर्षी तपासणीला मादाम पेर्ने होत्या म्हणे. रोज उचलून कंटाळल्या आणि तेव्हाच्या यादीत चाराचे पाच करून सही ठोकून मोकळ्या झाल्या; यंदाची यादी नवी. त्या खाली उतरल्याचं कुणी पाहिलं नाही. मी म्हटलं, दारू जरा जेवणानंतर घेत जा. तो हसला नाही.

३ डिसेंबर
माझी खोली तळमजल्यावर, समोर कचऱ्याचे डबे. चौघांच्या अपार्टमेंटात पाचवं माणूस ठेवता येत नाही, नियम म्हणजे नियम. आणि सोलेनने आम्ही चौघं असं म्हटलं, तू कुठे झोपशील हे विचारलं नाही. पण पाचवी ताटली आहे. पाचवं पांघरूण आहे. सकाळी उठून निनॉनला कोको करून दिला असता.

चार खोडलं, पाच लिहिलं, सही केली. गास्पारला कळणारही नाही.

४ डिसेंबर
वरचा पलंग आज गार आहे. ताटल्या पाच, यादीत पाच. कटकट मिटली.

६ डिसेंबर
बेकरीत एका वाळकुड्या बाईभोवती सगळे गोळा झालेले. मादाम पेर्ने, वर्षभर होता कुठे, असं जो तो विचारत होता. तिला काही सांगता येईना. फक्त माझ्याकडे पाहून हळूच माफ करा म्हणाली. कशाबद्दल?

माझी पाळी आली तशी बेकरीवालीने शटर ओढलं. पाव न घेताच परतले.

१० डिसेंबर
गास्पार जिन्यात समोरून आला आणि बोंजूर न म्हणता गेला. इथे कुत्र्यालाही बोंजूर म्हणतात. मागे जाऊन चांगला झाडला त्याला. त्याने माझ्या तोंडावर दार लावलं. रागाने नव्हे. समोर कुणी नसल्यासारखं.

पहिला बर्फ पडला. सांगायला कुणी नाही.

१३ डिसेंबर
ऑफिसात माझ्या खुर्चीत मादाम पेर्ने. ओदिल, म्हणजे मी, न सांगताच नोकरी सोडून गेली म्हणताहेत. मी टेबल बडवलं. आवाज झाला नाही.

सोलेनचा फोन आला, मीच उचलला. हॅलो, हॅलो, अगं मी बोलतेय— ती म्हणाली, पलीकडे कुणी बोलतच नाही. ठेवला.

१७ डिसेंबर
माझ्या खोलीची किल्ली फिरत नाही. ७१४ उघडं असतं. यादीतला पाच खोडायला गेले, पेन उमटेना. या वहीतच काय ते उमटतं.

वरच्या पलंगावर झोपते. छत नाकाशी. आता ऊब माझीच—

२० डिसेंबर, शनिवार
आले. निनॉनला माझं नाक आहे.

मी दारातच उभी होते. सोलेन माझ्या शेजारून आत गेली. आई नोकरी सोडून निघून गेली, साधं कळवलंही नाही, असं नवऱ्याला सांगत होती. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

निनॉन टेबल मांडतेय. पाच ताटल्या. एक आजीची, म्हणाली.

“ठेव ती आत,” सोलेन म्हणाली. “ती यायची नाही.”

आले गं. या वेळी आले. वर आहे, इथे—

आता सोलेन यादी काढून वस्तू मोजतेय. ही सवय माझीच. आपण चौघं, इथे पाच लिहिलंय, निघताना उगाच भानगड नको, म्हणतेय. पर्समधून पेन—

खोडलं.

पाय गार. पाय दिसत नाहीत— चार लिहिलं तिने— निनॉन वर बघतेय, नीट माझ्याकडे, हात वर करून— सोलेन, सही नको, बाळा, एकदा वर बघ, एक