पहिला सामना तुझ्याच कॉलेजशी

पालम
ता. १९ सप्टेंबर

प्रिय साधना,

जय भीम. तू मजेत असशील. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता दुखत नाही, सोयाबीनही चांगलं उभं आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या वडिलांच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली ठेवते. मल्हारीकाका तुझ्या होस्टेलला यायला निघालेत.

परवा तुझ्या घरी गेले होते. केवळाकाकू म्हणाल्या, "पोरगी फोनवर लय कमी बोलायली. तुमचं काही वाजलं का गं?" मी म्हटलं, "न्हाई काकू, तिला अभ्यास लय हाय." खोटं बोलले. हातातला चहा गोड लागावा म्हणून.

बातमी तुला कळली असेलच. विद्यापीठाने फुटबॉलचे गट नव्याने पाडले. आपला जुना गट मोडला. गंगाखेड एकीकडे, पूर्णा भलतीकडे, आणि आपल्याला टाकलंय परभणीच्या मोठ्या कॉलेजांबरोबर. म्हणे मोठ्या सामन्यांना जाहिराती मिळतात, मोबाईलवर दाखवता येतात. दाखवा बापडे! पण गंगाखेडच्या पोरींशी भांडून भांडून खेळायचं आणि सामना संपला की दोन्ही टीमनी एकाच चिंचेखाली डबे सोडायचे, ते कुठल्या जाहिरातीत बसतं? तेव्हा सकाळच्या एसटीने जाऊन दिवेलागणीला घरी येता यायचं, म्हणून घरचे सोडायचे. आता परभणीला मुक्काम करायचा म्हटल्यावर टीममधल्या दोघींच्या घरून साफ नकार आला.

आपले खेळाचे बन्सीधर सर हात टेकून बसलेत. "असंच चाललं तर फुटबॉल चार मोठ्या कॉलेजांतच उरंल," म्हणाले. "आपण चांगल्या पोरी तिकडं धाडायच्या अन् मोबाईलवर बघत बसायचं." प्राचार्यांनी तर सांगूनच टाकलंय, यंदा टीम उतरली नाही तर मुलींचा फुटबॉल बंद.

टीम उतरणार. मी उतरवणार. बबिताचे वडील तिला सोडेनात, तर त्यांच्या ओट्यावर ठाण मांडून बसले. शेवटी तेच वैतागले, "घिऊन जा माय तिला, पण उठ इथून!" आपली गोलकीपर वाचली. खो-खोतली अर्पिता बचावाला घेतली आहे. ती बॉल अजून हातानेच धरते, पण पळते झकास. दहा जणी झाल्यात. दहा तर दहा.

खरा घोळ तुझ्या हाकांचा झाला. तू मेंढरं वळवताना घालतेस त्याच हाकांवर आपली अख्खी टीम वळते. 'हुर्रर' म्हटलं की पुढे, जिभेने टकटक केलं की मागे. आता पहिलाच सामना तुझ्या परभणीच्या नव्या कॉलेजशी, आणि हाका तुझ्याच! पोरी म्हणाल्या, बदलू. आठवडाभर लेफ्ट-राइट करून पाहिलं. सगळ्या एकमेकींवर आदळल्या. वैतागून मी 'हुर्रर' केलं, तर कडेला चरणारी बिरदेवमामांची मेंढरं थेट गोलमध्ये घुसली. बबिताने एक कोकरू अडवलं, बाकी सगळे गोल झाले. मामा लांबून ओरडले, "जितली का माझी मेंढरं?" त्या दिवशी ठरवलं, हाका त्याच राहतील. तुला कळू दे. कळूनही अडवून दाखव.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुझ्या कॉलेजच्या कोचनी तुला सांगितलं होतं ना, 'संघप्रिया येतेय, तूही ये'? परवा काकूंच्या तोंडून कळलं. साधे, मला त्यांनी सांगितलं होतं, 'साधना आलीय, तूही ये.' मी त्यांना तेव्हाच नाही म्हटलं होतं. मी आले असते तर बबिता कुणाबरोबर खेळली असती? मला वाटलं, तू मला न विचारता गेलीस. तुला वाटलं असेल, मी कबूल करून मागे फिरले. एवढे दिवस दोघी उगाच जळत बसलो. तुझा खूप राग आला होता. आठवण त्याहून जास्त आली.

परत ये असं मी म्हणणार नाही. तिथे बूट मिळतात, रोज अंडी मिळतात, पुढे नोकरीला खेळाचा कोटा आहे. तुमच्या घरातून कॉलेजात गेलेली तू पहिली पोरगी. तिथेच राहा आणि मोठी हो.

फक्त एक ऐक. सामन्यात आमची दया करू नकोस. समोर दहाच जणी बघून तुझा पाय सैल पडेल, मी तुला ओळखते. हरलो तर पोरी चिडतील, आणि चिडलेल्या पोरी पुढच्या वर्षी पुन्हा उतरतील. पण तू सोडलेल्या गोलने जिंकलो तर ते त्यांना कळल्याशिवाय राहणार नाही, आणि मग मी कुणाच्याही ओट्यावर बसले तरी त्या येणार नाहीत. म्हणून मार, साधे. जीव खाऊन मार.

मैदानात तुझ्या समोर उभी राहणारी, तरीही तुझीच,
संघप्रिया