त्या दोघांबद्दल

हितेश,

त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले.

लॅबमध्ये आमचे पाच भ्रूण तयार झाले होते. तपासणीत दोघांना थॅलेसेमिया निघाला, तुझ्यासारखाच मेजर. डॉक्टरांनी ते दोन नष्ट करण्याचा फॉर्म पुढे ठेवला. भूषणने लगेच सही केली. मला मात्र तूच दिसत होतास, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून दुसऱ्या दिवशी महाप्याच्या ऑफिसात हजर होणारा. भूषण हळूच म्हणाला, "आपल्या बाळालाही जन्मभर सुया टोचायच्या का?"

मी सही केली.

पुढच्या आठवड्यात तुला रक्त चढत होतं, मी शेजारी बसले होते. तू विचारलंस, "ताय, माझ्यासारखं किती निंगालं?"

"एकपन नाय."

"बरा झाला. कोनाला टाकायला नाय लागला," म्हणालास आणि डोळे मिटलेस.

आता मला तिसरा महिना आहे. खरं सांगितलं, तर तुला वाटेल मी तुलाच नाकारलं. आणि तसं नव्हतंच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

काल तू बाळासाठी नावं सुचवायला आलास. तू आईशी हसत बोलत होतास आणि मी बाथरूमला आतून कडी लावून, तू जायची वाट बघत उभी होते.

हे पत्र तुझ्या हाती देणं मला जमणार नाही.

तुझीच,
हर्षालीताई