फ्लोटमधलं पेट्रोल

प्रिय आयझिरेक,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. रागावून म्हणत नाही गं. तू पहिल्यापासून तशीच, आणि आता तर त्या शिवणकामाच्या कारखान्यात मशिनींच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय झालेली. इकडे बरं चाललंय. डोंगरावरचं बर्फ मागे सरकलं, तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. तुझे बाबा काठी घेऊन दारापर्यंत एकटे जातात. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवला. बोलणंही हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला तेव्हा होतं तसंच. 'नाही' एवढा एकच शब्द तोंडात राहिलाय. चहा हवा का? नाही, आणि पेला पुढे. ऊन आलंय, बाहेर बसता का? नाही, आणि डोळे काठी शोधतात. तू परवा म्हणालीस ना, "आई, ते सगळ्यालाच नाही म्हणतात, त्याला काय अर्थ आहे?" मलाही तसंच वाटत होतं.

मागल्या महिन्यात एका सकाळी मी चुलीतली राख बादलीत भरून नेहमीसारखी गोठ्याच्या पडवीतून जायला निघाले. वरून राख गार दिसत होती, खाली निखारे असणार. तेवढ्यात खिडकीतून बाबा ओरडायला लागले, "नाही! नाही!" मी वैतागून म्हटलं, "आता राखेलाही नाही? मग काय, गादीखाली ठेवू?" त्यांनी काठी काचेवर अशी हाणली की काच तडकली. मी बादली तिथेच बर्फात टेकवली आणि भांडायला म्हणून मागे वळले, तेव्हा कुठे मला वास आला. पडवीत आपली जुनी मोटरसायकल उभी असते ना, साइडकारवाली, तिच्याखालचं गवत पेट्रोलने चिंब झालं होतं. पलीकडे गाय, तिच्या पोटात ही कालवड. मी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

आदल्या दिवशी शेजारचे कुबातभावजी गाडी बघून गेले होते. गवत वाहायला साइडकार हवी होती त्यांना. कॉक उघडून तसाच विसरले. चूक कळल्यावर बिचारे धावत आले, ओलं गवत लांब नेऊन टाकलं, आणि मग म्हणाले, "वहिनी, कॉक उघडा राहिला तरी पेट्रोल असं वाहायला नको. कार्ब्युरेटर गेलाय तिचा. भंगारात काढा, नाहीतर एक दिवस घर पेटवील." बाबा काठी टेकत पडवीत आले होते. डावा हात पेट्रोलच्या टाकीवर ठेवून ते म्हणाले, "नाही." चहाच्या वेळचं 'नाही' पटकन सुटतं, शिंकेसारखं. हे उशिरा आलं, खालच्या आवाजात, आणि नंतर त्यांनी तोंड मिटून घेतलं. ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की आतला माणूस जागेवर आहे.

मग मीच हत्यारांची पेटी उघडली. हसू नकोस. तीस वर्षं हा माणूस जेवताना मला याच गाडीची दुखणी सांगत आला, थोडं तर कानात राहिलंच असेल. बाबा ओंडक्यावर बसले. मी नळीला बोट लावायचे, ही गळतेय का? नाही. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचं गॅस्केट? नाही. सगळं ओलंच, कुठून सुरू होतंय ते कसं कळणार? शेवटी मी सगळं फडक्याने कोरडं पुसलं, वरून बोरसोक तळायला चाळून ठेवलेलं पीठ भुरभुरलं आणि कॉक उघडला. नळीवरचं पीठ पांढरंच राहिलं, वाटीच्या सांध्यावरचंही. बाजूला जादा पेट्रोल बाहेर पडायचं बारीक भोक आहे, तेवढं ओलं झालं. बाबा इतके हसले की काठी पडली. तोंड एका बाजूनेच हसतं आता, पण हसले.

म्हणजे वाटी भरल्यावर पेट्रोल थांबवायची सुई काम करत नव्हती. मी सुई काढली, टोक पुसलं, तिची बैठक फुंकून साफ केली आणि सगळं परत बसवलं. तरी टिप टिप चालूच. मी चिडले. "तुमची गाडी तुमच्यासारखीच आहे, कुठे दुखतंय ते सांगणार नाही," असं बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांना राग आला नाही. त्यांनी डावा हात कानाशी नेऊन हलवला. मला कळेना. पुन्हा हलवला. मग मी वाटीतला फ्लोट काढला, ती पितळी पोकळ डबी तरंगते आणि सुईला वर ढकलते ना, ती. कानाशी धरून हलवली, तर आत पेट्रोल डुचमळत होतं. पाणी भरलेली होडी कशी तरंगणार? मी बाबांकडे बघून विचारलं, "हेच ना?" ते काही म्हणाले नाहीत. मी थांबले, तरी काही नाही. आयझिरेक, गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा हा पहिला होकार होता.

पुढचं सोपं होतं. चुलीपासून लांब, अंगणात, गरम पाण्यात डबी बुडवली. जोडावरून बुडबुड्यांची बारीक रांग निघाली, तिथेच चीर. आतलं सगळं निघून जाईपर्यंत पाणी बदलत राहिले, मग काही दिवस वाऱ्यावर वाळू दिली. हलवून, हुंगून खात्री केली आणि मगच कथलाचा डाग दिला. पहिला डाग चांगला जाड बसला, मी खूश, तर हे "नाही!" जड डबी तरंगत नाही म्हणे. म्हणजे म्हणाले नाहीत, पण मला कळलं. खरवडून पातळ केला. आता रात्रभर खाली कागद ठेवला तरी सकाळी कोरडा असतो.

परवा कुबातभावजींनी बाबांना साइडकारमध्ये बसवलं आणि चालवायला मी बसले. गावातल्या बायका कुंपणाशी उभ्या. नदीच्या पुलापर्यंत गेलो, गाडी बंद केली, आणि तू सांगितलेलं सगळं मी त्यांना नीट विचारलं. घर कुबातभावजींना देऊन शहरात जायचं? "नाही." तेच, उशिरा येणारं. खरं सांगू, मला जायचं होतं. नळाला गरम पाणी, हाकेच्या अंतरावर तू, नातवंडं. हिवाळ्यात बर्फ खणताना तू आमच्यासाठी बघून ठेवलेल्या त्या दोन खोल्या मी कितीदा मनात झाडून काढल्यात. म्हणून आणखी एक विचारलं, "आणि माझ्यासाठी? मला हवंय म्हणून याल?" ते नदीकडे बघत राहिले. मी किती वेळ वाट पाहिली. 'नाही' आलंच नाही.

एवढ्यासाठी हे पत्र. फोनवर तू म्हणाली असतीस, ते सगळ्यालाच नाही म्हणतात. पण माझ्यासाठी ते यायला तयार आहेत, पोरी, आणि मला तेवढं पुरलं. त्या खोल्या दुसऱ्या कुणाला देऊन टाक. आम्ही येत नाही, आणि हे त्यांनी नाही, मी ठरवलंय. जूनमध्ये मेंढ्या वरच्या कुरणावर जातील, आम्हीही जाऊ, गाडी मी चालवीन. पोरांना घेऊन ये.

वाट बघणारी,
तुझीच आई
बुरुल