तुषारच्या नावापुढं

१२ जानेवारी २००६

गोष्ट अडवली माझी! साइटवर टाकली तर दिसंचना. मंग ऋता मॅडमचा निरोप आला. साइट त्याच सांभाळतात, पुण्याहून. नवा नियम म्हणे. गोष्टीत जी माणसं असतील त्यांच्या नावापुढं लिहायचं, कोण कसा ते. स्ट्रेट, गे, बायसेक्शुअल. वाचणाऱ्याला आधीच कळावं, नंतर भांडणं नकोत.

माझ्या गोष्टीत दोघंच. जयराज आणि तुषार, टीव्हीवरच्या त्या पोलिसांच्या मालिकेतले. मालिका कधीच बंद पडली, पण आमच्यासारखे काही जण त्यांच्या गोष्टी पुढं लिहून राह्यले. ह्या दोघांना एका जीपमध्ये बसवून मी कुठं कुठं फिरवलं! पण दोघं एकमेकांचे कोण, हे कधी लिहिलं न्हाई. लिहायची गरजच पडली न्हाई.

भागचंदशेठ आले तसं पान बंद केलं. "बद्री, झेरॉक्सवाला कवाचा खडा हाये, तू काय टाइप करतो दिनभर?" कुणाचा तरी अर्ज आहे म्हणालो. दुकान त्यांचं, नेट त्यांचं, मी नुसता कामाला. कळलं तर हायवेवर उभं करतील.

१३ जानेवारी

जयराजपुढं 'गे' लिहिलं. एवढासा शब्द, पण तीनदा पुसून पुन्हा टाइप केला. त्याच्या तोंडून मीच बोलतो, त्याचं मला ठाऊक आहे.

तुषारचं काय लिहू? मालिकेतला तुषार भुवई खाजवत न्हाई. माझा खाजवतो, अंगठ्यानं. मच्छिंद्र खाजवतो तसा.

१६ जानेवारी

मच्छिंद्र आल्ता. मोसंबी जालन्याला टाकून रिकामा टेम्पो घेऊन. माझ्या गोष्टी तो एकटाच ऐकतो — पाचवीपासूनचा दोस्त, हसणार न्हाई म्हणून त्यालाच वाचून दाखवतो. टेम्पोच्या फळीवर बसला, मोसंबी सोलली, अर्धी मला दिली. मी नव्या नियमाचं सांगितलं.

"जयराजचं काय लिहिलं?"

सांगितलं. त्याचा हात थांबला.

"अन् तुषारचं?"

"तूच सांग. तुला काय वाटतं?"

अंगठ्यानं भुवई खाजवली. मंग म्हणाला, "त्याचं त्याला तरी कुठं ठाऊक हाये, बद्री. तू कशाला लिहितो?"

टेम्पो चालू केला अन् गेला. त्याच्या वाट्याची मोसंबी फळीवरून खाली पडली, ती उचलायला पण थांबला न्हाई.

२ फेब्रुवारी

ऋता मॅडम पुन्हा. दोन्ही नावांपुढं भरल्याशिवाय गोष्ट दिसणार नाही. मी लिहिलं — त्याला विचारल्याशिवाय त्याचं कसं लिहू? त्यांचं उत्तर आलं, "अहो, तो खरा माणूस नाहीये!"

काय सांगू ह्यांना.

१९ फेब्रुवारी

मच्छिंद्रचं जमलं. केदारखेड्याची मुलगी, कौसल्या नाव. बारावी शिकलेली. टेम्पोत कॅरेट भरता भरता सांगितलं, माझ्याकडं न बघता.

"तू काय म्हणतो?"

"चांगलं हाये की," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो? त्यानं थोडी वाट बघितली. खरंच बघितली. मंग पुढचं कॅरेट उचललं.

२० फेब्रुवारी

लाइट न्हाई दिवसभर. बरंच झालं.

२४ एप्रिल

सकाळी मच्छिंद्रची हळद होती. मी मांडवाच्या कडेला उभा होतो. त्यानंच हाक मारली, "बद्रीला येऊ द्या." वाटीत हात घातला, त्याच्या गालाला लावली, मंग गळ्याला. त्यानं डोळे मिटले. मला हात काढून घ्यायचं सुचलंच न्हाई. मागून त्याची मावशी ओरडली, "अरे, उष्टी हळद नवरीला पाठवायची हाये, सगळी तूच संपवतो का!" सगळे हसले. तोही हसला. मीही.

हात धुतला न्हाई आज.

२५ एप्रिल

लागलं लगीन. जेवण वाढलं. बाकी काही न्हाई.

११ जून

लग्नानंतर पहिल्यांदाच दुकानात आला. वाळलाय. शेठ जेवायला गेल्ते, दोघंच होतो. म्हणाला, "तुझ्या त्या गोष्टीत तुषारला मारून टाक."

"का?"

"मार म्हणतो ना. गोळी लागू दे, जीप उलटू दे, काही बी कर."

"मंग जयराजनं काय करावं?"

"रडंल थोडे दिवस. होईल सवय." मंग आवाज एकदम खाली गेला. "जिता ठेवला तर त्याला रोज घरी जावं लागतं, बद्री. घरचं माणूस चांगलं हाये. पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभं राहतं. त्याच्या डोळ्यात बघून रोज खोटं वागायचं — हे त्याला न्हाई जमून राह्यलं."

मी त्याच्या हाताला हात लावला. त्यानं काढून घेतला न्हाई. तेवढ्यात एक बाई फोन करायला आली अन् तो उठला. दारातून म्हणाला, "मारच त्याला."

मला भीती वाटून राह्यली.

१२ जून

मच्छिंद्रच्या मळ्याकडं जाऊन आलो. पाणी देत होता. मला बघून हात वर केला, पण बांधापर्यंत आला न्हाई. कौसल्यावहिनीनं चहा दिला. कपबशी देताना माझ्या तोंडाकडं जरा जास्तच बघितलं, असं वाटलं.

१४ जून

जीप उलटवायला बसलो. घाट लिहिला, पाऊस लिहिला, वळण लिहिलं. तुषारला बाहेर काढला. पुन्हा आत बसवला. न्हाई होत माझ्याच्यानं!

सगळी गोष्टच पुसून टाकली. ऋता मॅडमनी विचारलं, "का हो काढलीत? छान होती." पान बंद केलं.

३० जुलै

मच्छिंद्र आता दुकानापुढं टेम्पो थांबवत न्हाई. हॉर्न पण देत न्हाई.

१७ ऑगस्ट

दुपारी कौसल्यावहिनी दुकानात आल्या. हातात बॅग. जालन्याची एसटी कधी, विचारलं. मंग शांतपणे म्हणाल्या, "भावजी, मी माहेरी चालले. परत यायची न्हाई. त्यांनी काल मला सगळं सांगितलं, तुमचं नाव घेऊन. कुणाला बोलणार न्हाई मी. घरी सांगीन, मलाच नांदायचं न्हाई."

एसटी आली. मी बॅग वर दिली. खिडकीतून वाकून म्हणाल्या, "ते मळ्यात हायेत. सकाळपासून जेवलेले न्हाईत."